जखमी खलाशी आणि निर्दोष जहाज

#थ्रेड

डिसेंबर १८९६. अमेरिकेतील मिशिगन सरोवर. 'ऑसिओला' नावाची वाफेवर चालणारी बोट मिलवॉकी बंदराकडे निघाली होती. बंदर अवघ्या काही मैलांवर आले होते. धक्क्याला लागताच माल उतरवता यावा म्हणून कप्तानाने उघड्या पाण्यातच, बोट वेगात असताना, बाजूचा जड गँगवे यारीने उचलण्याचा हुकूम दिला. वारा समोरून वाहत होता. गँगवे बोटीपासून सुटा होताच त्याचे पुढचे टोक वाऱ्याने धरले, तो आडवा फिरला आणि त्याच्या ओढीने यारीच कोसळली. ती एका खलाशाच्या अंगावर पडली व तो जबर जखमी झाला.

प्रश्न साधा होता. हुकूम अविचारी होता, तो कप्तानाने दिला होता आणि कप्तान हा मालकाचा माणूस. मग खलाशाच्या नुकसानीची भरपाई कोणी करावी? कोणीही म्हणेल, मालकाने. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९०३ मध्ये याचे उत्तर दिले, आणि ते होते: कोणीच नाही.

हे उत्तर कोठून आले हे समजण्यासाठी अटलांटिक ओलांडून सुमारे सातशे वर्षे मागे जावे लागते. तत्पूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट सरोवराची. समुद्राचा कायदा गोड्या पाण्याला कसा लागू झाला? इंग्लंडमध्ये भरती-ओहोटीचे पाणी जेथवर पोचते तेथवरच ॲडमिरल्टी न्यायालयाची सत्ता मानली जाई. लहानशा बेटाला हा नियम पुरेसा होता. अमेरिकेतील महासरोवरांवर मात्र हजारो बोटी धावू लागल्या, आणि तेथे भरती नावालाही नाही. अखेर १८५० च्या दशकाच्या आरंभी 'जेनेसी चीफ' या बोटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरतीची अट सोडून दिली. मिशिगन सरोवर तेव्हापासून कायद्यापुरते समुद्र झाले.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. या खटल्याचे नाव ना त्या खलाशाचे, ना मालकाचे. खटला 'दि ऑसिओला' या नावानेच ओळखला जातो, कारण आरोपीच्या जागी खुद्द बोट होती. सागरी कायद्यात जहाजावर दावा लावता येतो, त्याला 'अटक' करता येते, आणि देणे फिटले नाही तर त्याचा लिलाव करता येतो. पूर्वी अटकेचा हुकूम डोलकाठीला लावीत असत. ही कल्पना ऐकायला गमतीची वाटते, पण तिच्यामागे रोकडा व्यवहार आहे. मालक परदेशी असतो, त्याचा पत्ता लागत नाही. जहाज मात्र समोर बंदरात उभे असते आणि उद्याच्या भरतीला निघून जाणार असते. मुंबई उच्च न्यायालयातून आजही जहाजांना अशी अटक होते. भारताच्या २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याने जहाजावरील ज्या दाव्यांना सर्वांत भक्कम स्थान दिले आहे, त्यांत क्रमाने पहिला दावा खलाशांच्या पगाराचा आणि दुसरा प्राणहानी व शारीरिक इजेचा आहे. (जाता जाता: 'ऑसिओला' हे फ्लोरिडातील सेमिनोल लोकांच्या एका नेत्याचे नाव. तो १८३८ मध्ये अमेरिकन सैन्याच्या कैदेत मरण पावला. देशाने आधी त्याला अटक केली आणि नंतर त्याच्या नावाच्या बोटीला.)

आता फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओलेराँ बेटाकडे वळू. बाराव्या-तेराव्या शतकांत बोर्दोची द्राक्षमद्ये भरून जहाजे याच किनाऱ्याने इंग्लंड व फ्लँडर्सकडे जात. त्या व्यापारातील तंट्यांवर जे निवाडे रूढ झाले, ते 'ओलेराँचे नियम' या नावाने संकलित झाले. परंपरा त्यांचे श्रेय ॲक्विटेनच्या एलिनॉर राणीला देते. पण राणीच्या फर्मानापेक्षा बंदरातील व्यापारी आणि खलाशी यांच्या रोजच्या भांडणांतून ते घडले असावेत असेच त्यांच्या भाषेवरून वाटते. नियम मोठे रोखठोक आहेत. वाटाड्याच्या चुकीने जहाज बुडाले, तर चिडलेल्या खलाशांनी त्याचे डोके उडवले तरी त्यांना जाब विचारला जाणार नाही, असेही एक कलम त्यांत आहे.

त्याच रांगड्या संहितेतील सातवे कलम मात्र विलक्षण हळवे आहे. जहाजाच्या कामावर असताना खलाशी आजारी पडला, तर कप्तानाने त्याला किनाऱ्यावर उतरवून घरात जागा मिळवून द्यावी. रात्री उजेडासाठी मेणबत्ती द्यावी. सेवेला जहाजावरचा एखादा पोऱ्या ठेवावा, किंवा एखादी बाई पगारावर लावावी. जहाजावर मिळत होते तेच अन्न त्याला द्यावे. जहाजाने त्याच्यासाठी खोळंबून राहण्याची गरज नाही. पण तो बरा झाला तर त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि मेला तर त्याच्या बायकोला किंवा वारसांना.

येथे चूक कोणाची हा प्रश्नच विचारलेला नाही. खलाशी जहाजाचा आहे, म्हणून त्याचे दुखणेही जहाजाचे आहे. मेणबत्तीचा उल्लेख कायद्यात करणाऱ्या माणसाने परक्या गावातील आजारपणाची रात्र पाहिलेली असावी.

या औदार्याला सहाव्या कलमाची मर्यादा होती. परवानगीशिवाय किनाऱ्यावर जाऊन, दारू पिऊन, मारामारीत डोके फोडून घेणाऱ्याची जबाबदारी जहाजावर नाही; कप्तान त्याला कामावरूनही काढू शकतो. हे सहावे कलम लक्षात ठेवावे. त्याचे पुढे काम आहे.

ओलेराँचे नियम बंदराबंदरांतून नकलले गेले, इंग्लंडच्या ॲडमिरल्टीच्या 'काळ्या पुस्तका'त आले आणि तेथून अमेरिकेत पोचले. १८२३ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी 'हार्डन विरुद्ध गॉर्डन' या खटल्यात सातव्या कलमातील तत्त्वाला अमेरिकन कायद्यात पक्की जागा दिली. स्टोरींचा युक्तिवाद दुहेरी होता. खलाशी गरीब, निराधार आणि बेफिकीर असतो, म्हणून न्यायालयाने त्याला पाल्यासारखे सांभाळावे, हा त्याचा भावनिक भाग. व्यवहाराचा भाग असा: उपचाराचा खर्च मालकावर असला की मालक खलाशांच्या प्रकृतीची काळजी घेतो; तो खलाशावर टाकला, तर परक्या बंदरात आजारी माणसाला सोडून जाण्याचा मोह कप्तानाला होईल.

स्टोरींची दया खरी होती. परंतु ज्याला पाल्य ठरवले जाते, त्याला प्रौढाचे हक्कही नाकारता येतात. पुढे नेमके तेच झाले.

दरम्यान जमिनीवर कारखाने आणि रेल्वे आल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये सांधेवाल्याच्या चुकीने गाडी घसरून एका इंजिनचालकाने हात गमावला आणि त्याने कंपनीवर दावा लावला. मुख्य न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी १८४२ मध्ये तो फेटाळला. कामातील धोके कामगाराच्या पगारात धरलेलेच असतात. सहकाऱ्याची चूक हाही त्यांपैकीच एक धोका. तेव्हा सहकाऱ्याच्या चुकीसाठी मालक जबाबदार नाही, असा हा सिद्धान्त होता. इंजिनचालक सांधेवाल्यावर लक्ष कसे ठेवणार होता, हे शॉ यांनी फारसे मनावर घेतले नाही. (हेच शॉ पुढे 'मोबी डिक'कार हर्मन मेलव्हिल यांचे सासरे झाले. खलाशांच्या हालांविषयी त्या घरात काय बोलणे होत असेल, याचे कुतूहल वाटते.)

'ऑसिओला'चा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला तेव्हा हे दोन प्रवाह एकमेकांना भिडले: ओलेराँची शुश्रूषा आणि शॉ यांचा सहकारी-सिद्धान्त. निकाल लिहिला न्यायमूर्ती हेन्री बिलिंग्ज ब्राउन यांनी.

ब्राउन हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वेगळ्याच कारणासाठी माहीत असते. १८९६ चा 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' हा वर्णभेदाला घटनात्मक आधार देणारा कुप्रसिद्ध निकाल त्यांचाच. ते डेट्रॉइटहून आलेले आणि महासरोवरांच्या सागरी कायद्यातील जाणकार. ऑसिओलावरील अपघातानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९७ मध्ये, त्यांनी खलाशांविषयी आणखी एक निकाल दिला. 'अरागो' या जहाजावरील चार खलाशी काम सोडून निघून गेले होते. त्यांना पकडून तुरुंगात टाकले गेले आणि बळजबरीने पुन्हा जहाजावर चढवले गेले. गुलामगिरी व सक्तीची चाकरी रद्द करणारी १३ वी घटनादुरुस्ती होऊन तेव्हा तीस वर्षे लोटली होती. ब्राउन यांनी ठरवले की ती खलाशांना लागू नाही. खलाशी पुरेशा समजुतीने वागत नाहीत आणि त्यांचा करार प्राचीन काळापासून निराळाच मानला गेला आहे. प्लेसीप्रमाणे येथेही एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात उभे राहिले. पाल्याला सांभाळण्याची भाषा येथे त्याला बांधून ठेवण्यासाठी वापरली गेली.

१९०३ च्या निकालात ब्राउन यांनी जुने नियम तपासून कायद्याची स्थिती मांडली. कामावर असताना आजारी वा जखमी झालेल्या खलाशाला अन्न-निवारा, उपचार आणि निदान सफर संपेपर्यंतचा पगार मिळालाच पाहिजे, मग चूक कोणाचीही असो. जहाज किंवा त्यावरील साधने सदोष असतील, म्हणजे जहाज समुद्रप्रवासास योग्य नसेल, तर पूर्ण भरपाईही मिळेल. पण कप्तानाच्या किंवा इतर खलाशांच्या निष्काळजीपणाबद्दल भरपाई नाही. खलाशी आपसांत सहकारी आहेत. कप्तान त्यांत मोडतो की नाही, हे त्यांनी मोघमच ठेवले.

ऑसिओलावर यारी मोडकी नव्हती, दोर कुजका नव्हता. चुकीचा होता तो हुकूम. विस्कॉन्सिन राज्याच्या एका कायद्याचाही आधार घेतला गेला होता. जहाजाने माणसांना केलेल्या इजेबद्दल जहाज जबाबदार, असे तो कायदा सांगे. न्यायालयाने म्हटले, ही इजा जहाजाने केलेलीच नाही. अशा रीतीने आरोपीच्या जागी उभे केलेले जहाज निर्दोष सुटले. कुजका दोर असता तर खलाशाला पैसे मिळाले असते. हुकूम पाळणाऱ्याला हुकमाच्या दोषाची भरपाई नाही, आणि हुकूम मोडला तर शिक्षा. जुन्या कायद्याने खलाशाला मेणबत्ती दिली होती, दाद दिली नव्हती.

हा पेच न्यायालयात सुटला नाही, संसदेत सुटला. तोही दुसऱ्या प्रयत्नात. त्यामागे नॉर्वेत जन्मलेला, स्वतः खलाशी राहिलेला अँड्र्यू फ्युरुसेथ हा कामगार नेता होता. त्याने वॉशिंग्टनमध्ये अनेक वर्षे खेटे घातले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर सागरी सुरक्षेकडे लोकांचे लक्ष गेले आणि ४ मार्च १९१५ रोजी अध्यक्ष विल्सन यांनी सिनेटर ला फॉलेट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खलाशी कायद्यावर सही केली. काम सोडल्याबद्दलचा तुरुंगवास त्याने संपवला. इजेसंबंधीही एक कलम होते: अधिकार गाजवणारे लोक हाताखालच्यांचे 'सहकारी' मानू नयेत.

कायदा करणाऱ्यांना वाटले, ऑसिओलाचा प्रश्न मिटला. तो मिटला नव्हता. लकेनबाख कंपनीच्या एका बोटीवरील आगवाल्याला, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्याला, वादळात लाटेने डेकवर आपटले. पाय मोडला आणि पुढे तो कापावा लागला. वादळात डेकवर पाठवणारा हुकूम निष्काळजीपणाचा होता, असा त्याचा दावा होता. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, अधिकारी सहकारी नसेल, मान्य; पण ऑसिओलाप्रमाणे निष्काळजीपणाला भरपाईच नाही, तेव्हा तो सहकारी आहे की नाही याने फरक पडत नाही. कायद्याने दाराची कडी काढली होती, पण दार मुळात भिंतीवर रंगवलेलेच होते.

म्हणून १९२० मध्ये काँग्रेसने आडवळण सोडले. रेल्वे कामगारांना १९०८ च्या कायद्याने मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल दावा लावण्याचा हक्क मिळाला होता. ५ जून १९२० च्या व्यापारी नौवहन कायद्याच्या ३३ व्या कलमाने तोच हक्क, ज्यूरीसह, खलाशांना देऊन टाकला. कायदा वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वेस्ली जोन्स यांचा, म्हणून त्याला 'जोन्स ॲक्ट' म्हणतात. आज या नावाने वाद होतात ते त्याच्या २७ व्या कलमावरून: अमेरिकन बंदरांमधील मालवाहतूक अमेरिकन जहाजांनीच करावी, या अटीवरून. जखमी खलाशी मात्र ३३ व्या कलमाचे नाव घेतात.

हे सर्व होत असताना ओलेराँचे सातवे कलम नाहीसे झाले नाही. अन्न-निवारा-उपचाराचा हक्क जोन्स ॲक्टच्या जोडीने तसाच टिकला, आणि त्याची व्याप्ती वाढत गेली. बंदरात सुटीवर उतरलेल्या खलाशालाही तो मिळतो, हे १९४३ मध्ये ठरले.

मग सहाव्या कलमाची पाळी आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीत सुटीवर उतरलेल्या एका अमेरिकन खलाशाने एक बाटली वाइन रिचवली आणि तो नाचघरात गेला. शेजारच्या खोलीची दारे कठडा नसलेल्या सज्जावर उघडत होती. समुद्र पाहण्यासाठी त्याने बाहेर वाकून भिंतीतील एक लोखंडी गज धरला. गज हातात आला आणि तो खाली पडून त्याचा पाय मोडला. जहाज सरकारी होते, त्यामुळे खर्च अमेरिकन सरकारकडेच मागितला गेला. सरकारचे म्हणणे ओलेराँच्या कप्तानाहून वेगळे नव्हते: दोष त्याचा स्वतःचा आहे. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. खलाशी किनाऱ्यावर उतरला की थोडी पिणार, थोडा नाचणार आणि कधी तोल जाऊन पडणार. एवढ्याने जहाजाची जबाबदारी सुटत नाही. पाय बरा होईपर्यंतचा त्याचा खर्च सरकारला द्यावा लागला.