सँटा मोनिकाच्या विहिरी का बंद पडल्या?

आज आपण जाणार आहोत कॅलिफोर्नियात, समुद्रकिनाऱ्यावरच्या सँटा मोनिका शहरात. सिनेमात दिसणारा तो लांबलचक धक्का आणि त्यावरचा मोठा पाळणा, तेच हे शहर. आपली गोष्ट मात्र जमिनीखालची आहे. 1996 मध्ये या शहराला पिण्याच्या पाण्याच्या बहुतेक विहिरी बंद कराव्या लागल्या. पाण्यात पेट्रोलमधलं एक रसायन उतरलं होतं. काही महिन्यांत शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला, आणि ते पाणी बाहेरून विकत घ्यायची वेळ आली.

हे कसं झालं ते कळायला थोडं मागे जाऊ.

पंपावर आपण पेट्रोल भरतो, ते असतं कुठे? आपल्या पायाखाली, पुरलेल्या टाक्यांमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गाड्या वाढल्या, गल्लोगल्ली पंप निघाले आणि साध्या पोलादी टाक्या जमिनीत गाडल्या गेल्या. ओल्या मातीत पोलाद गंजणारच. टाचणीएवढं भोक पडलं तरी थेंब थेंब गळती सुरू. टाकीत काठी बुडवून माप घ्यायचं, ही तेव्हाची पद्धत. रोज चार-दोन लिटर कमी भरले तर कोण विचारतंय? उडून गेलं म्हणायचं.

ऱ्होड आयलंड राज्यात कॅनब पार्क नावाची वस्ती आहे. तिथे घरगुती विहिरींच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला. डिसेंबर 1983 मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने ते देशभर दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला. तेव्हा देशात अशा 20 लाखांहून जास्त टाक्या होत्या. 1986 मध्ये सफाईसाठी निधी उभा राहिला. पैसे कुठून आले? इंधनाच्या प्रत्येक गॅलनवर 0.1 सेंट कर. 1988 च्या नियमांनी पंपवाल्यांना दहा वर्षं दिली: 22 डिसेंबर 1998 पर्यंत जुनी टाकी सुधारा, बदला, नाहीतर बंद करा.

टाकी उकरून काढणं सोपं. खरा प्रश्न असतो तो गळून गेलेल्या पेट्रोलचा. ते मातीतून झिरपत भूजलापर्यंत पोचतं, पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर तरंगतं, आणि त्यातले काही घटक विरघळून पाण्याबरोबर पुढे सरकतात. दिसत तर काहीच नाही. मग आसपास अरुंद निरीक्षण विहिरी खोदतात. त्यांतली पाण्याची पातळी मोजली की भूजल कुठल्या दिशेने वाहतंय ते समजतं, आणि दर काही महिन्यांनी नमुने घेतले की दूषित पट्टा वाढतोय की आक्रसतोय ते कळतं. मातीतली वाफ पंपाने ओढून घेतात, पाणी उपसून स्वच्छ करतात. खर्चिक आणि रटाळ काम, एकेका जागेवर वर्षानुवर्षं चालणारं.

ऑक्टोबर 1995 मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचा एक अहवाल आला. कॅलिफोर्नियातल्या शेकडो गळत्या तपासून त्यांनी सांगितलं की पेट्रोलमधलं बेंझिन, ज्याने कॅन्सर होतो, ते सहसा फार लांब जात नाही. बहुतेक जागी सुमारे 250 फुटांच्या आत थांबतं, कारण मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात. म्हणजे अनेक ठिकाणी उपसाउपशी कशाला? लक्ष ठेवा, बाकी निसर्ग करेल. बेंझिनपुरता हा सल्ला चांगलाच होता.

पण याच सुमारास सँटा मोनिकाच्या चार्नॉक विहिरींत एमटीबीई सापडलं. पूर्ण नाव मिथाइल टर्शरी ब्यूटाइल ईथर. पेट्रोलमधलं शिसं काढायचं म्हणून 1979 पासून ते थोडंथोडं घालत होते. मग 1990 च्या हवा-स्वच्छता कायद्याने सांगितलं की धुरकट शहरांतल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन देणारं काहीतरी हवं. कॅलिफोर्नियाच्या रिफायनऱ्यांनी एमटीबीई निवडलं, पेट्रोलच्या सुमारे 11 टक्के. धूर कमी झाला, हे मान्य करावंच लागेल.

जमिनीखाली मात्र हे रसायन बेंझिनसारखं वागत नाही. ते पाण्यात कितीतरी जास्त विरघळतं, मातीला चिकटत नाही, जिवाणूंना सहजी पचत नाही. म्हणून पाण्याबरोबर जवळजवळ त्याच वेगाने पुढे जातं. 250 फुटांचा हिशोब त्याला लागू नव्हता. वर टर्पेंटाइनसारखा वास, अगदी थोडं असलं तरी पाणी तोंडात धरवत नाही. एका अर्थी तेच बरं, नाहीतर लोक पीत राहिले असते.

माझ्या मते इथे कोणी खलनायक शोधत बसण्यात अर्थ नाही. शिसं काढणारे बरोबर होते, धूर कमी करणारेही बरोबर होते. पण गंजलेल्या टाक्या भरलेल्या देशात पाण्यात विरघळणारं रसायन ओततोय, हा प्रश्न विचारायला हवा होता. हवेचे नियम करणारे हवेकडे बघत होते, टाक्यांचे नियम करणारे टाक्यांकडे.

मार्च 1999 मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी एमटीबीई बंद करायचा आदेश दिला. मुदत होती 2002 अखेर, ती वाढून 2003 अखेर झाली. त्याची जागा इथेनॉलने घेतली. शहराने तेल कंपन्यांवर दावा लावला, तडजोड झाली आणि शुद्धीकरणाचा खर्च कंपन्यांकडून वसूल झाला. चार्नॉकचं पाणी पुन्हा नळाला आलं ते 2010-11 च्या हिवाळ्यात, कार्बनच्या मोठमोठ्या टाक्यांतून गाळून. एमटीबीई कार्बनलाही नीट धरत नाही, त्यामुळे तो भराभर बदलावा लागतो. तेवढ्यासाठी शहराने चौदा वर्षं वाट पाहिली होती.