चिठ्ठीवरचं झाड

हवाई बेटांवरच्या तुडतुड्यांची वर्गवारी कशी घडत गेली हे शोधायला बसलं की दोन प्रकारचे कागद हाती येतात. एक संग्रहालयाचे, दुसरे साखर मळेवाल्यांचे. दोघांचे प्रश्न वेगळे होते, आणि त्या वेगळेपणाचा परिणाम पुढची शंभर वर्षं टिकला.

संग्रहालयाचे कागद आधीचे. १८९२ साली रॉयल सोसायटी आणि ब्रिटिश असोसिएशन यांच्या संयुक्त समितीने रॉबर्ट सिरिल लेटन पर्किन्स या पंचविशीतल्या तरुणाला हवाईला धाडलं. पक्षी, गोगलगायी, किडे, जे सापडेल ते त्याने गोळा करायचं होतं. त्याची पत्रं आणि रोजनिशा २००७ मध्ये नील एव्हनहुइस यांनी संपादित करून छापल्या आहेत. पर्किन्सच्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांत बेट, डोंगर, उंची आणि तारीख असते. कित्येक नमुन्यांवर नुसता आकडा, त्याची फोड वेगळ्या यादीत. किडा कुठे मिळाला हे त्यातून कळतं. तो कशावर बसला होता हे सहसा कळत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या समितीला एका दुर्गम द्वीपसमूहाची सगळी जीवसृष्टी मोजून हवी होती, तिच्यासाठी डोंगर आणि उंची हीच मोठी माहिती होती.

हे नमुने इंग्लंडला पोहोचले. डेव्हिड शार्पच्या संपादनाखाली केंब्रिजहून १८९९ ते १९१३ या काळात ‘फॉना हवाईएन्सिस’ हा ग्रंथ निघाला. त्यातला ढेकणवर्गीय किड्यांचा भाग १९०२ साली जॉर्ज विलिस कर्काल्डी याने लिहिला.

एवढ्यात उसावर संकट आलं. १९००च्या सुमारास ओआहू बेटावर उसाच्या पानांतला रस शोषणारा एक परका तुडतुडा दिसू लागला. १९०३ मध्ये कर्काल्डीने त्याचं वर्णन छापलं आणि पर्किन्सचं नाव देऊन ‘पर्किन्सिएला’ ही प्रजाती उभी केली. नुकसान किती झालं ते मळ्यांच्या हिशेबांत दिसतं. पाहाला इथल्या हवाईयन ॲग्रिकल्चरल कंपनीची साखर पूर्वी १८ हजार टनांवर जात असे. १९०६ साली ती ८२६ टनांवर आली. मळेवाल्यांच्या संघटनेने, म्हणजे हवाईयन शुगर प्लँटर्स असोसिएशनने, कीटकशास्त्राचा विभागच उघडला. पर्किन्स त्याचा प्रमुख झाला, कर्काल्डीही तिथे आला. १९०४ मध्ये पर्किन्स आणि आल्बर्ट कोबेल या तुडतुड्याचे नैसर्गिक शत्रू आणायला क्वीन्सलँडला गेले. अखेरचा मोठा उतारा मात्र १९२० साली मिळाला: तुडतुड्याची अंडी शोषणारा एक छोटा ढेकूण, तोही क्वीन्सलँडचाच, फ्रेडरिक म्युअरने आणला.

‘तुडतुडा’ या एका नावाखाली दोन वेगळी कुलं येतात; ती ओळखायला मागच्या पायाकडे भिंगातून पाहू. उसावरच्या या तुडतुड्याच्या नडगीच्या टोकाला एक मोठा, हलणारा काटा असतो. तो डेल्फॅसिडी कुलाची खूण. दुसऱ्या गटात असा काटा नाही; नडगीभर बारीक काट्यांच्या रांगा असतात. ते सिकॅडेलिडी कुल. भातावरचा तपकिरी तुडतुडा पहिल्या कुलातला आणि आंब्याच्या मोहोरावरचा दुसऱ्या, तरी आपल्याकडे दोन्ही तुडतुडेच. असोसिएशनच्या पत्रिकांतही दोन्ही एकाच शीर्षकाखाली येतात. उसाच्या शत्रूचा तपास करता करता कर्काल्डीने रानातल्या स्थानिक जातीही तपासल्या आणि त्या पत्रिकांच्या १९०७च्या पुरवणीत ‘नेसोफ्रोसाइनी’ हे नाव घातलं. सिकॅडेलिडीतली ही प्रजाती हवाईची स्वतःची. १९१० साली सॅन फ्रान्सिस्कोत कर्काल्डी वारला, तेव्हा तो छत्तिशीत होता.

पुढे हर्बर्ट ऑस्बोर्नचं ‘सिकॅडेलिडी ऑफ हवाई’ १९३५ मध्ये आणि एलवूड झिमरमनचा खंड १९४८ मध्ये आला. पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद ऑटो स्वेझीचा आहे. स्वेझीही साखरवाल्यांचाच माणूस, १९०४ पासूनचा. पिकावरचा किडा पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो झाडाचा, आणि ती सवय त्याने रानात नेली. १९५४ साली बिशप संग्रहालयाने छापलेलं त्याचं ‘फॉरेस्ट एंटोमॉलॉजी इन हवाई’ किड्यांच्या कुलांनुसार नाही, झाडांनुसार मांडलेलं आहे: एकेक झाड आणि त्यावर आढळलेले किडे.

त्याचं महत्त्व २०१२ साली कळलं. गॉर्डन बेनेट आणि पॅट्रिक ओग्रेडी यांनी नेसोफ्रोसाइनीच्या जनुकांवरून वंशवृक्ष उभा केला. वर्णन झालेल्या जाती ७०च्या आसपास. प्रत्यक्षात २००च्या वर असाव्यात असा त्यांचा अंदाज. बहुतेक जाती ठरावीक झाडाला बांधलेल्या निघाल्या. कुठे झाड बदललं आणि नवी जात झाली. कुठे झाड तेच, पण बेट किंवा ज्वालामुखी वेगळा, म्हणून जात वेगळी. म्हणजे पर्किन्सचा डोंगर आणि स्वेझीचं झाड, दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय हे नातं उलगडणारं नव्हतं. या गटाचं मूळ पश्चिम पॅसिफिककडचं आणि जवळचं भावंड ‘ओरोसियस’ प्रजाती. तिच्यातलाच एक तुडतुडा आपल्या तिळावर पर्णगुच्छ रोग पसरवतो.

सह्याद्रीतही आज अनेक विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक किडे टिपतात, जीपीएसने जागा आणि उंची अचूक नोंदवतात. त्यांना एकच विनंती: त्याच चिठ्ठीवर झाडाचं नावही लिहा, आणि नाव ठाऊक नसेल तर पानासकट एक डहाळी दाबून ठेवा.