धाराशिव : सर्वधर्मीय सलोखा

मराठवाड्यातील धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात निरनिराळ्या धर्मीयांनी जपलेली सहजीवनाची परंपरा. धाराशिव शहरातील हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्याच्या उरुसाला हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांचे भाविक येतात. तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे बौद्ध, जैन आणि वैष्णव अवशेष एकाच गावात आढळतात. संत गोरा कुंभार यांचे हेच गाव.

अलीकडचा सर्वांत बोलका प्रसंग ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा. ते १० ते १२ जानेवारी २०२० रोजी उस्मानाबादला भरले. वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळाला. मराठीत ‘सुबोध बायबल’ आणणाऱ्या, हरित वसईसाठी लढलेल्या दिब्रिटो यांच्या निवडीला केवळ धर्मावरून विरोध झाला, तो अन्यायच होता. आयोजक ठाम राहिले. संमेलननगरीला गोरोबाकाकांचे, म्हणजेच संत गोरा कुंभार यांचे नाव होते, उद्घाटन कवी ना. धों. महानोर यांनी केले. पाठदुखीने त्रस्त असूनही दिब्रिटो आले आणि व्यासपीठावरून द्वेषाविरुद्ध स्पष्ट बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.