दीर्घ लेख आणि समाजमाध्यमे

वृत्तपत्रातील दीर्घ लेख समाजमाध्यमांतून वाचताना व पाठविताना दोन अडचणी उद्भवतात. पहिली वेगाची. जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ भागात मोबाइलचे जाळे क्षीण असले, की दुवा उघडण्यास विलंब लागतो. यावर उपाय म्हणून फेसबुकने २०१५ मध्ये ‘इन्स्टंट आर्टिकल्स’ ही सुविधा आणली. २०२३ मध्ये ती बंद झाली.

दुसरी अडचण संदर्भाची. दुव्याऐवजी केवळ मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर धाडला, की लेखक, वृत्तपत्र व दिनांक गळून पडतात. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये कुपोषणाचा प्रश्न राज्यासमोर आणला. त्यावरील जुना लेख दिनांकाविना फिरल्यास आजचाच वाटेल. मजकुरात ‘ठाणे जिल्हा’ असा उल्लेख आढळल्यास मात्र सावध व्हावे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला.

निनावी मजकुरावर विसंबण्याची सवय घातकही ठरते. याच जिल्ह्यातील गडचिंचले (ता. डहाणू) येथे १६ एप्रिल २०२० रोजी मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने तिघांची हत्या केली. वारंवार पुढे धाडलेला संदेश एका वेळी एकाच संभाषणात पाठविता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने त्या महिन्याच्या आरंभी घातली होती.

तात्पर्य, प्रकाशकाने पान हलके व मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा. पाठविणाऱ्याने मूळ दुवा द्यावा. तो उघडत नसेल तेथे मजकुरासोबत शीर्षक, लेखक, वृत्तपत्र व दिनांक अवश्य लिहावा.