वॉटरस्पोर्ट्सची टो-बोट: दोन सारख्याच दिसणाऱ्या बोटींपैकी कोणती घ्यायची?

दोन फोनमध्ये कोणता घ्यायचा, हे आपण प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरा बघून ठरवतो. पण दोन बोटींमध्ये कोणती घ्यायची, हे कसं ठरवणार?

मी शहापूरचा, माझा मावसभाऊ मुरबाडचा. तो काळू नदीत पोहायला शिकला आणि गेले तीन सीझन अलिबागच्या बाजूला एका बीचवर बनाना राईडवर काम करतोय. आता त्याला मित्रासोबत स्वतःची बोट घ्यायची आहे, सेकंडहँड. एका रात्री त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन जाहिराती पाठवल्या. "दादा, दोन्ही सेम आहेत. लाल घेऊ का? पन्नास हजारांनी स्वस्त आहे आणि स्पीड पण जास्त आहे." मावशी त्यासाठी दागिने गहाण ठेवायला तयार झाली होती. म्हणून मी नीट अभ्यास केला. तोच इथे सोप्या भाषेत देतोय.

टो-बोट म्हणजे काय?

मागे दोर बांधून माणसाला किंवा फुगवलेल्या राईडला ओढणारी बोट म्हणजे टो-बोट. वॉटर स्कीइंगची सुरुवात १९२२ मध्ये अमेरिकेत राल्फ सॅम्युएल्सन या तरुणाने केली, असं मानलं जातं. आपल्या किनाऱ्यावर मात्र जास्त चालतात त्या बनाना राईड आणि बंपर राईड.

आधी ठरवा: ओढायचं काय?

बोट निवडताना पहिला प्रश्न हाच. कारण प्रत्येक खेळाची गरज वेगळी असते.

- वॉटर स्की: वेग जास्त, लाट कमी लागते. स्लॅलम स्पर्धेत पुरुषांसाठी ताशी ५८ किमीपर्यंत वेग असतो.
- वेकबोर्ड: वेग साधारण ताशी ३५ किमी. इथे बोटीमागची लाट मोठी हवी, कारण खेळाडू तिच्यावरूनच उडी मारतो.
- वेकसर्फ: ताशी १६ ते १८ किमी. खेळाडू बोटीच्या अगदी जवळ असतो, म्हणून उघडा पंखा मागे असलेल्या आउटबोर्ड बोटीमागे हा खेळ कधीच करू नये.
- बनाना, बंपर: फार वेग लागत नाही. थांबलेल्या अवस्थेतून पाच-सहा जणांचं वजन उचलण्याची ताकद लागते.

मावसभावाचं काम शेवटच्या प्रकारातलं. म्हणजे लाल बोटीचा "स्पीड जास्त" हा मुद्दा त्याच्यासाठी जवळपास निरुपयोगी!

इंजिन कुठे बसवलंय?

परदेशात खास स्कीसाठी डायरेक्ट ड्राइव्ह बोटी मिळतात. त्यात इंजिन बोटीच्या मधोमध असतं, त्यामुळे मागची लाट सपाट राहते. व्ही-ड्राइव्ह बोटीत इंजिन मागच्या बाजूला, आतल्या भागात असतं. मागचा भाग दबतो आणि वेकबोर्डला हवी तशी मोठी लाट मिळते. या बोटी महाग असतात. आपल्या किनाऱ्यावर सोयीचं पडतं ते आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावलेलं इंजिन. ते वर उचलता येतं, उथळ पाण्यात चालतं आणि दुरुस्तीला काढून नेता येतं.

दोन बोटींची तुलना

जाहिरातीत दोन्हींचं वर्णन एकच होतं: फायबरची बॉडी, लांबी २० फूट, आठ जणांची क्षमता, ११५ एचपी आउटबोर्ड. फरक दिसला तो प्रश्न विचारल्यावर.

*१. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?* लाल बोटीचं इंजिन जुनं टू-स्ट्रोक, पांढरीचं फोर-स्ट्रोक. जुनं टू-स्ट्रोक वजनाला हलकं असतं, पण पेट्रोलबरोबर ऑइल जाळतं, धूर करतं आणि इंधनही जास्त पितं. फोर-स्ट्रोकसाठी अंदाज काढायचा तर ११५ एचपीचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला ४० लिटरच्या आसपास पेट्रोल घेतं. रोज बोट चालवणाऱ्याला बोटीच्या किमतीपेक्षा हाच खर्च जास्त भारी पडतो.

*२. पंख्याचा पिच.* हा आकडा जाहिरातीत नसतो, पंख्यावरच कोरलेला असतो. पंखा एका फेरीत किती पुढे सरकेल, ते अंतर म्हणजे पिच. पांढरीचा पिच १७ इंच, म्हणजे ४३ सेंमी. लाल बोटीचा २१ इंच, म्हणजे ५३ सेंमी. इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेत असेल आणि गिअर २ ला १ असेल, तर पंखा २७५० फेरे घेतो. हिशोब केला तर १७ पिचला कागदावर ताशी ७१ किमी आणि २१ पिचला ८८ किमी येतात. प्रत्यक्षात पाण्यात पंखा घसरतो, त्यामुळे वेग याहून कमीच मिळतो.

हे बाईकच्या गिअरसारखं आहे. मोठा पिच म्हणजे टॉप गिअर: वेग मिळतो, पण भरलेली गाडी चढावर उचलत नाही. बनाना राईडला छोटा पिच बरा. मात्र पंखा बदलता येतो. त्यामुळे फक्त पिचवरून बोट नाकारू नका.

*३. मागची फळी.* आउटबोर्डचा आणि दोराचा सगळा ताण बोटीच्या मागच्या फळीवर येतो. फायबरच्या आत लाकूड असेल आणि पाणी शिरलं असेल, तर ती आतून कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने हलकेच ठोकून बघा. चांगली फळी टणक वाजते, कुजलेली बद्द वाजते. इंजिन थोडं वर उचलून हलवल्यावर फळी वाकत असेल तर सावध व्हा.

*४. दोर कुठे बांधतात?* त्यासाठी मजबूत खांब किंवा हुक हवा. रेलिंगला किंवा सीटच्या पाइपला दोर बांधणारी बोट घेऊ नका.

*५. मागे बघणाऱ्याची जागा.* बोट चालवणारा पुढे बघतो. राईडवरच्या लोकांकडे बघायला दुसरा माणूस हवा आणि त्याला मागे तोंड करून बसायची जागा हवी. लाल बोटीत तिथे पेट्रोलची टाकी होती.

दोराचा आकडाही बघा

स्कीचा दोर बनाना राईडला वापरू नये. अमेरिकेतल्या वॉटरस्पोर्ट्स उद्योगाच्या निकषांनुसार फुगवलेल्या राईडवर दोघं असतील तर दोराची तुटण्याची मर्यादा किमान १०७७ किलो हवी आणि चौघं असतील तर १८६० किलो. तुटलेला दोर चाबकासारखा उलटा बोटीकडे येतो. उन्हाने कडक झालेला किंवा धागे सुटलेला दोर सरळ फेकून द्या.

ट्रायल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका

आम्ही आसनगावहून पहाटेची लोकल पकडली आणि पुढे गेटवेवरून मांडव्याची बोट. ट्रायलला ओळखीचे एक तांडेल काका सोबत घेतले. तुम्हीही हे तपासा:

- इंजिन थंड असताना स्वतःसमोर सुरू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन काही सांगत नाही.
- इंजिनातून पाण्याची बारीक धार सतत बाहेर पडते का? नसेल तर थंड करणारा पंप बिघडलाय.
- किल स्विचची दोरी ओढून बघा. इंजिन त्याच क्षणी बंद पडलं पाहिजे.
- पूर्ण माणसं बसवून राईड ओढा. रिकाम्या बोटीची ट्रायल म्हणजे डेमो फोनवरचा गेम!

सहा जण बसवल्यावर पांढरीने राईड आरामात उचलली. लाल बोट पूर्ण थ्रॉटल देऊनही ४२०० आरपीएमच्या वर जाईना. अशा इंजिनाने साधारण ५००० ते ६००० गाठायला हवं. काकांनी मग फळी ठोकली. डाव्या बाजूला बद्द आवाज आला. काका एवढंच म्हणाले, "पोरा, ही स्वस्त नाय." फळीचं काम पन्नास हजारांत भागणारं नव्हतं.

ही बोट शहापूर-मुरबाडला चालवता येईल का?

हा प्रश्न मला गावातली मुलं हमखास विचारतात. भातसा, तानसा, मोडकसागर म्हणजे मुंबईचं पिण्याचं पाणी. बारवीचं पाणी एमआयडीसीच्या योजनेतून कारखान्यांना आणि आसपासच्या शहरांना जातं. त्यामुळे मनाला आलं म्हणून तिथे पेट्रोलची बोट टाकता येत नाही. आमच्याकडे धरणं आहेत आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरही आहेत, ही आमची जुनी गोष्ट. पण पिण्याच्या पाण्यात पेट्रोल-ऑइल नको, हे पटतं. शिकायचं असेल तर सिंधुदुर्गात तारकर्लीला एमटीडीसीचं जलक्रीडा केंद्र आहे. धरणाच्या पाण्यातल्या खेळांचं उदाहरण हवं असेल तर कोयनेच्या जलाशयावर मुनावळे इथे २०२४ मध्ये शासनाचा जल पर्यटन प्रकल्प सुरू झाला.

कागदपत्रं

नोंदणी, सर्वेक्षण प्रमाणपत्र, विमा आणि चालवणाऱ्याचा परवाना मागा. किनाऱ्यावरच्या परवानगीसाठी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे जावं लागतं. नद्या आणि जलाशयांतल्या बोटींसाठी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आहे. आणि हिशोब बारा महिन्यांचा करू नका, पावसाळ्यात जलक्रीडा बंद असते. कर्जाचा हप्ता मात्र तेव्हाही येतो.

शेवटी काय ठरलं?

पांढरी घेतली. दागिने थोडे कमी ठेवावे लागावेत म्हणून मित्राने आपला वाटा वाढवला. मावशीने फक्त एक गोष्ट विचारली, "पडलेल्या माणसाला पंखा लागत नाही ना?" सगळ्या तांत्रिक माहितीत हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर असं: माणूस पाण्यातून चढताना इंजिन न्यूट्रल नाही, पूर्ण बंद. भावाने ते स्टिअरिंगशेजारी रंगाने लिहून ठेवलंय.

तुम्हीही बोट घेणार असाल तर क्रम लक्षात ठेवा: आधी खेळ, मग ताकद, मग फळी, मग कागद आणि सगळ्यात शेवटी रंग आणि स्पीड.