दिसेनासं होणं हा पुरावा होतो का?

आकाशातून येणारे क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात. म्हणून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आधी हैदराबादहून उपकरणं बांधलेले मोठमोठे फुगे सोडत. मग इस्रोच्या साथीने त्यांनी केलेलं एक उपकरण मार्च १९९६मध्ये आयआरएस-पी३ या उपग्रहावर गेलं.

१९९७ साली त्या उपकरणाने गरुड तारकासमूहातल्या जीआरएस १९१५+१०५ या चमत्कारिक स्रोताकडे पाहिलं. त्याचे क्ष-किरण हळूहळू वाढत, मग झपकन उतरत. पुन्हा पुन्हा हेच. शास्त्रज्ञांनी अर्थ लावला, की तापलेला पदार्थ कृष्णविवराच्या क्षितिजाआड जात असावा. न्यूट्रॉन ताऱ्यावर पडला असता, तर पृष्ठभागावर आदळून चमकला असता.

इथे कुमारिल भट्ट आठवतात. भाट्ट मीमांसक ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात : जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही. पण अट अशी, की घडा असता तर दिसलाच असता. अंधारात न दिसण्याला काय किंमत?

इथेही तेच बघा. पदार्थ गिळला न जाता झोताबरोबर बाहेर फेकला गेला असेल तर? एका उपकरणाच्या भरवशावर हे ठरत नाही. २८ सप्टेंबर २०१५ला गेलेला अ‍ॅस्ट्रोसॅट अतिनील, मृदू आणि कठीण क्ष-किरण एकाच वेळी पाहतो. माणिकपूरहून लोकलने गाठता येणाऱ्या कुलाब्यातच त्यातली मुख्य क्ष-किरण उपकरणं घडली. ‘नाही’ म्हणण्याआधी पुरेसा उजेड करायचा, ही कुमारिलांची अट तिथे पाळली जाते.