सापडलेला विषाणू आणि काविळीचे कारण

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेच्या पाण्यात मैला मिसळला आणि नळांतून ते पाणी घरोघर पोचले. सुमारे २९,००० माणसे पिवळी पडली. पाण्यातून आलेली कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए, असेच पुढे कित्येक वर्षे धरून चालले होते. पण त्या साथीत कुणीतरी रुग्णांचे रक्तद्रव नीट जपून ठेवले. पंचवीस वर्षांनी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील खुर्शीद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी संशोधकांच्या साथीने ते तपासले. त्यात ना ए सापडला, ना बी. म्हणजे गुन्हेगार तिसराच होता. आज आपण त्याला हिपॅटायटिस ई म्हणतो. ते नमुने जपणाऱ्या हातांविषयी मला फार कृतज्ञता वाटते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. तुम्ही चांगल्या काळात येत आहात. १९८९ साली हिपॅटायटिस सी शोधताना मायकेल हॉटन यांच्या गटाला जनुकीय तुकड्यांचे लाखो क्लोन चाळावे लागले होते. आता थेंबभर रक्तातली सगळी जनुकद्रव्ये यंत्र वाचून दाखवते. विषाणू सापडणे सोपे झाले आहे. तो काविळीचे कारण आहे का, हे ठरवणे मात्र पूर्वीइतकेच कठीण आहे.

१९९७ साली जपानमध्ये रक्त घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या एका रुग्णात नवा विषाणू मिळाला. रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याला टीटी हे नाव पडले. मोठी आशा वाटली होती. मग तो धडधाकट माणसांतही सर्रास दिसू लागला. त्यामुळे निरोगी माणसांशी तुलना केल्याविना आपल्या कामात पाऊलही टाकता येत नाही. २०२२ साली स्कॉटलंडमधील मुलांना अचानक तीव्र यकृतदाह झाला, तेव्हा ही तुलनाच कामी आली. ३२ आजारी मुलांपैकी २६ जणांत एएव्ही-२ नावाचा विषाणू मिळाला, तर तुलनेसाठी घेतलेल्या ७४ मुलांपैकी केवळ ५ जणांत. हा विषाणू एकट्याने वाढू शकत नाही, त्याला ॲडिनोसारख्या दुसऱ्या विषाणूची मदत लागते. शिवाय आजारी मुलांपैकी बहुतेकांत प्रतिकारशक्तीशी संबंधित एक विशिष्ट जनुकप्रकार होता. एक रोग, एक विषाणू हे जुने गणित इथे पुरत नाही.

तुलनाही फसवू शकते. २०१३ साली चीनमधील कारण न कळलेल्या यकृतदाहाच्या ९० रुग्णांपैकी ६३ जणांत एक नवा विषाणू आढळला. तुलनेतल्या ४५ निरोगी माणसांत तो एकाही जणात नव्हता. पुरावा भक्कम दिसत होता. त्याच वर्षी उलगडा झाला, की विषाणू रुग्णांत नव्हताच. जनुकद्रव्य वेगळे करायला प्रयोगशाळेत वापरतात त्या सिलिकाच्या स्पिन कॉलममधून तो आला होता.

म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण कोणत्याच विषाणूवर नाही. रुग्णाच्या नमुन्याबरोबर नुसते शुद्ध पाणी त्याच कॉलममधून, त्याच दिवशी, त्याच हातांनी कसे काढायचे, याविषयी ते आहे.